पातळ कोळ

पाडव्याच्या आदल्या दुपारी गुढीचा तांब्या काढला. वर्षभर माळ्यावर पडून पार काळवंडलेला. पितांबरी संपली होती आणि असल्या उन्हात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायची माझी छाती नव्हती. मग चिंच भिजत घातली, चिमूटभर मीठ टाकलं.

घट्ट कोळाचा एक ओघळ तांब्याच्या गळ्यावरून पोटापर्यंत उतरला आणि बघता बघता गुलाबी रेघ उमटली. उरलेल्या चोथ्यावर पाणी ओतून दुसऱ्या बाजूला सोडलं. तिथे काही नाही. काळा तांब्या, वर तपकिरी पाणी. मला मेलं घासण्यापेक्षा बघत बसण्याचाच नाद.

हा तांब्या आजीने तांबट लेनमधून घेतलेला. तिला पातळ कोळ अजिबात खपायचा नाही. आई काटकसरी, एका बुटुकात देव्हाऱ्यातलं सगळं उरकायची. "चिंचेला पाणी पाजलंस की हाताला काम लागतं," आजी म्हणायची. आई काही बोलायची नाही, फक्त जरा जोरात घासायची.

आजीचं हेच वाक्य मला बारावीच्या प्रयोगशाळेत पुन्हा भेटलं. कागदावर पेन्सिलीने फुली, तिच्यावर फ्लास्क, फ्लास्कमध्ये हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं पाणी. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल ओतायचं, घड्याळ लावायचं आणि वरून वाकून बघत राहायचं. गंधक सुटतं, पाणी दुधाळ होतं, फुली दिसेनाशी होते. आधी ५० मिलिलिटर हायपो, मग ४० आणि १० पाणी, असं करत १० वर यायचं. हायपो अर्ध्यावर आला की वेळ साधारण दुप्पट. पहिल्या फ्लास्कशी नजर लावेपर्यंत फुली गेलेली असायची. शेवटचा मात्र संपता संपायचा नाही. नाकात काडेपेटीचा वास, मानेला रग. त्या शेवटच्या वेळी मी खिडकीबाहेर पाहिलं आणि फुली नेमकी तेवढ्यात गेली. आलेखावर रेघ सरळ यायला जो आकडा हवा होता, तो मी जर्नलमध्ये लिहिला. सरांनी 'छान' असा शेरा दिला. इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.

असं का होतं, ते नाशिककराला सांगावं लागू नये. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, सुरुवातीला चारजण असतात तेव्हा कुणी कुणाला लागत नाही. मग गर्दी झाली की दर उडीला कुणाचा तरी कोपर बरगडीत. प्रत्येक धक्क्याचं भांडण होत नाही, पण धक्के वाढले की भांडणंही वाढतात. रेणूंचंही तसंच.

हे नियमात बसवलं नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी, १८६४ साली. दोघे एकमेकांचे साडू! आमच्याकडे दोन साडू एकत्र आले तर सासऱ्यांच्या प्लॉटवर बोलतात. त्यांनी नॉर्वेजियन भाषेत छापलं, म्हणून बरीच वर्षं बाहेर कुणी ढुंकून पाहिलं नाही. (मराठीत लिहिणाऱ्याने यावर जास्त बोलू नये.)

गंमत म्हणजे प्रत्येक वेळी घट्ट केलं की धावतंच असं नाही. त्याच फुलीच्या प्रयोगात आम्ल वाढवलं तर वेळेत फारसा फरक पडत नाही, हायपो वाढवला तरच पडतो. कोण कशाने हलतं हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. आई आजीच्या बोलण्याने कधी हलली नाही, हेही आठवलं.

तेवढ्यात तीच आई आतून आली. ओघळ बघितला, पातळ बाजू बघितली.

"एवढ्या वेळात घासून झाला असता. जा, कडुलिंबाची डहाळी घेऊन ये."

ऊन उतरल्यावर गेलो. परत आलो तर न धुतलेल्या गुलाबी रेघेच्या कडेला हिरवट झाक चढलेली, आणि पातळ बाजूला, अगदी तळाशी, रुपयाएवढा एक गुलाबी डाग.