तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी देताना इतक्या चौकश्या कशाला?

परवा एका काकांनी काउंटरवर कोपर टेकवून सरळच विचारलं, "इतक्यो चौकश्यो कित्याक गो? गोळी मागूक इलंय, मुलगी बघूक नाय." दुकानातली चार माणसं हसली, मीही हसले. पण हाच प्रश्न कोणी हसत, कोणी वैतागून, कोणी मुंबईहून फोनवर मला रोज विचारतं. तेव्हा एकदा नीट उत्तर देते.

मालवण-देवगड रस्त्यावर, आमच्या वाडीच्या तिठ्यावर माझं मेडिकल आहे. दुकान उघडलं त्या पहिल्या वर्षी मी फारसं विचारत नसे. चिठ्ठी वाचायची, गोळ्या काढायच्या, तोंडी सांगायचं, पैसे घ्यायचे. सांधेदुखीच्या एका आजींना तेव्हा मेथोट्रेक्सेट चालू झालं होतं. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या वारी. चिठ्ठीवर तसं लिहिलं होतं, मीही सांगितलं होतं. पण आजींचं लक्ष एसटीकडे. "होय गो होय" म्हणत पिशवी उचलून गेल्या. बाकीच्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीसुद्धा त्या रोज घेत राहिल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी सून आली. आजींचं तोंड आलंय, लावायला काहीतरी द्या म्हणाली. मी मलम काढलंसुद्धा होतं. मग कसं कोण जाणे, विचारलं, "आणखी काय चालू आहे त्यांना?" त्या औषधाचा डोस जास्त झाला की तोंड सोलवटतं, आणि रक्तातल्या पेशीही उतरू लागतात. त्याच संध्याकाळी त्यांना गाडी करून इस्पितळात न्यायला लावलं. आजी वाचल्या. मी मात्र ते मलमाचं खोकं कितीतरी दिवस हातात धरूनच होते म्हणा ना.

आता ती गोळी देताना पाकिटावर मार्करने वार लिहिते आणि उलट विचारते, "कधी घेणार?" समोरच्याच्या तोंडून "सोमवारी" आल्याशिवाय पाकीट सोडत नाही. लोकांना हा शाळेतला प्रकार वाटतो. वाटू दे.

गणपतीत चाकरमानी आले की वेगळी गंमत. मुलगा आईला मुंबईच्या डॉक्टरांना दाखवतो, महिनाभराच्या गोळ्या घेऊन देतो. इथल्या डॉक्टरांच्या गोळ्या आधीपासून असतातच. कंपनी वेगळी, रंग वेगळा, नाव वेगळं, म्हणजे औषधही वेगळं असं घरात सगळे धरून चालतात. एक काकी पाय सुजले म्हणून वाताचं तेल मागायला आल्या होत्या. म्हटलं, घरातली गोळ्यांची पिशवी घेऊन या. पिशवी काउंटरवर उपडी केली तर तीन स्ट्रिपा निघाल्या. त्यातली एक पांढरी आणि एक निळसर, आणि त्या दोन्हींवर बारीक अक्षरात ॲम्लोडिपिन. बीपीची एकच गोळी त्या दुप्पट घेत होत्या, आणि त्या गोळीने पाय सुजतात. डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांनी एक बंद केली. तेल विकलं गेलं नाही. तिसरी स्ट्रिप कशाची ते मला आजतागायत कळलेलं नाही, कारण कोणीतरी नाव आणि तारीख असलेलीच बाजू आधी कापून वापरली होती. कृपा करून ती बाजू शेवटी वापरा.

कायद्याचं म्हणाल तर तो आहेच, पण त्यात फार रस असण्यासारखं काही नाही. झोपेची अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, टीबीची औषधं आणि बरीच जड अँटिबायोटिक्स १ मार्च २०१४ पासून 'एच-वन' यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. दिली की डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहायचे आणि वही तीन वर्षं जपायची. "मी काय परको?" असं वहीला विचारून उपयोग नसतो. शिवाय ओळखीचा माणूसच जास्त धोक्याचा. परक्याची चिठ्ठी मी दोनदा वाचते, ओळखीच्याला "तीच ना नेहमीची?" म्हणून हात पुढे जातो.

पावसात माझ्या चौकश्या दुप्पट होतात. ताप आला, अंग ठणकतंय, "जरा पॉवरवाली" द्या. मी पॅरासिटामॉलच देते, कारण ताप डेंगीचा निघाला तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मग पुढचा प्रश्न: भाताच्या लावणीला उतरला होतात का? पायाला चीर, जखम? चिखलात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, जखमेतून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, जंतू शिरतो. ताप, पोटऱ्या दुखतात आणि डोळे लाल, असं कोणी सांगितलं तर मी काहीच विकत नाही, सरळ सरकारी दवाखान्यात पाठवते. तिथे वेळेवर गेलेला माणूस बरा होतो. चार दिवस मेडिकलच्या गोळ्यांवर काढलेल्याची किडनी जाते.

इन्सुलिनवाल्यांना तर मी घरच्या फ्रिजबद्दलही विचारते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. एका मासेवाल्या दादाने मोठ्या मायेने आईचं इन्सुलिन माशांच्या बर्फात पुरून ठेवलं होतं. गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा स्वच्छ दिसतं, पण कामातून गेलेलं असतं. ते त्याला टाकायला लावताना मलाच कसंतरी झालं. त्यापेक्षा घरातल्या गार कोपऱ्यात ठेवलं असतं तर बरं होतं. वापरायला काढलेली बाटली तीस अंशांच्या आत साधारण महिनाभर टिकते.

आता काकांकडे येते. त्यांचं अर्धं बरोबर होतं. चौकशी करावी, पण चार माणसांत? तिठ्यावरच्या दुकानात बोललेलं चहा उकळायच्या आत वाडीभर होतं. काही गोळ्या माणसं आवाज खाली करून मागतात. उदाहरणार्थ सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट खिशात असलेल्याने सिल्डेनाफिल घेतली तर बीपी असं कोसळतं की माणूस उठायचा नाही. म्हणजे विचारणं तर भाग आहे, आणि ते सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं तर माणूस खोटं सांगणार, मग विचारून उपयोग काय? हे मला इतक्या वर्षांत सुचायला हवं होतं. काकांना कोणती गोळी हवी होती ते अर्थात सांगणार नाही. पण त्याच आठवड्यात फ्रिजच्या पलीकडे एक स्टूल टाकलंय. तिथे बसा, मी हळू आवाजात विचारीन.

फक्त दुपारी एक ते चार येऊ नका. तेव्हा शटर अर्धं खाली असतं आणि मी जेवून पडलेली असते.