मोटारीतला कार्बन खरेदी विभागात ठरतो

वाहन कंपन्यांचे शाश्वतता अहवाल वाचताना मला एक गोष्ट सतत खटकते. जुळणी कारखान्याच्या छपरावरील सौरपट्ट्या, रंगकाम विभागात वाचवलेली वीज, सांडपाण्याचा पुनर्वापर यांना त्यांत पानेच्या पाने मिळतात. पण ज्या पोलादापासून, ॲल्युमिनियमपासून आणि बॅटरीपासून गाडी घडते, त्यांच्या उत्पादनातील उत्सर्जन तक्त्यातील एका ओळीत उरकले जाते. वास्तविक गाडी कारखान्याबाहेर पडेपर्यंत जे उत्सर्जन होते, त्यातला जुळणीचा वाटा लहान असतो आणि मोठा वाटा त्याआधीच खाणी, भट्ट्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांत होऊन गेलेला असतो.

या दुर्लक्षामागे एक कारण आहे. हरितगृह वायूंच्या हिशेबाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या जीएचजी प्रोटोकॉलने स्कोप ३, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या आवाराबाहेरील मूल्यसाखळीच्या उत्सर्जनाचे मानक २०११ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याचे १५ वर्ग पाडले. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांत यांपैकी एकच वर्ग, विकलेल्या गाडीचा वापर, इतका मोठा होता की खरेदी केलेल्या मालाचा आकडा त्याच्या शेजारी किरकोळ भासे. विजेवर चालणाऱ्या गाडीला धुराडे नसते. ती जितक्या स्वच्छ विजेवर धावेल तितका तिच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनात साहित्याचा वाटा वाढतो, आणि त्यात बॅटरीची भर पडते.

पोलादाचेच पाहू. एका मोटारीत सरासरी सुमारे ९०० किलो पोलाद असते. झोतभट्टीत लोहखनिजातील ऑक्सिजन कोकच्या, म्हणजे दगडी कोळशापासून बनवलेल्या इंधनाच्या, साहाय्याने काढला जातो, म्हणजे तेथे कार्बन हा इंधनाइतकाच रासायनिक क्रियेचा घटक असतो. त्यामुळे भट्टी कितीही काटकसरीने चालवली, तरी टनभर पोलादामागे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कोकऐवजी हायड्रोजन वापरला तर ऑक्सिजनसोबत पाणी तयार होते. स्वीडनमधील हायब्रिट प्रकल्पाने याच मार्गाने बनवलेले पहिले पोलाद ऑगस्ट २०२१ मध्ये व्होल्वो ग्रुपला दिले. तंत्र चालते हे त्यातून दिसले. अडचण आहे ती स्वस्त, स्वच्छ विजेची आणि जास्त किंमत मोजण्याची तयारी असलेल्या ग्राहकाची.

भंगार वितळवून विद्युत भट्टीत पोलाद बनवणे हा दुसरा मार्ग, आणि त्याचे उत्सर्जन खूपच कमी असते. मात्र जुनी मोटार चुरडताना तिच्यातील तारा आणि मोटर यांचे तांबे लोखंडात मिसळते आणि वितळलेल्या पोलादातून ते वेगळे काढण्याची व्यवहार्य पद्धत अजून प्रचलित नाही. तांब्याचे प्रमाण थोडे जरी वाढले, तरी ते पोलाद गाडीच्या बाह्य पत्र्याला चालत नाही, बांधकामाच्या सळ्यांकडे वळवावे लागते. म्हणून तारांचे जुडगे चुरडण्यापूर्वी सहज ओढून काढता येईल अशी गाडीची रचना करणे हेसुद्धा माझ्या मते उत्सर्जन कमी करण्याचेच काम आहे, आणि ते रचनाकाराच्या मेजावर सुरू व्हायला हवे.

ॲल्युमिनियमची गोष्ट बहुतांशी विजेची आहे. कोळशाच्या विजेवर बनलेल्या धातूचे उत्सर्जन जलविद्युतीवर बनलेल्या धातूच्या कित्येक पट असते, तर पुनर्वापरातल्या धातूला मूळ धातूच्या सुमारे ५% ऊर्जा पुरते. दोन्ही पत्रे दिसायला सारखेच असतात, फरक फक्त कागदपत्रांत कळतो. त्यातही प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देण्याच्या विभागात, कापून उरलेले तुकडे मिश्रधातूनिहाय वेगळे ठेवले, तरच ते पुन्हा पत्र्याच्या दर्जाचे होतात.

आता हिशेबाचा प्रश्न. अनेक कंपन्या पुरवठादाराला दिलेली रक्कम एका सरासरी गुणकाने गुणून उत्सर्जन काढतात. या पद्धतीत खरेदी अधिकाऱ्याने घासाघीस करून दर उतरवला की कागदावरचा कार्बनही उतरतो, आणि पुरवठादाराने स्वच्छ पण महाग धातू घेतला की तो वाढतो! अशा आकड्यांवरून योग्य निर्णय होणे अशक्य आहे. २०२१ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या कॅटेना-एक्ससारख्या, वाहन उद्योगातील माहितीच्या देवाणघेवाणीच्या जाळ्यातून प्रत्येक भागाचे प्रत्यक्ष मोजलेले उत्सर्जन साखळीत पुढे पाठवण्याचा प्रयत्न होत आहे, तो मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

तरीही मोजमाप म्हणजे कपात नव्हे. मोठी कंपनी फोर्जिंग (धातूची घडाई) किंवा कास्टिंग (ओतकाम) करणाऱ्या लहान उद्योगाला लांबलचक प्रश्नावली पाठवते, उत्सर्जन घटवण्याचे उद्दिष्ट देते आणि त्याच वर्षी दरात कपातही मागते. तेलावरची भट्टी काढून विजेवरची इंडक्शन भट्टी बसवायची आणि तिला स्वच्छ वीज मिळवायची, तर भांडवल लागते. ते देताना बँक पुढील अनेक वर्षांची निश्चित मागणी पाहते. वर्षागणिक बदलणाऱ्या खरेदी आदेशावर असे कर्ज उभे राहत नाही. त्यामुळे भट्टीच्या परतफेडीइतक्या मुदतीचा करार, वाढीव खर्चातील ठरलेला वाटा आणि निविदा तपासताना दराच्या शेजारी प्रतिनग कार्बनचा रकाना, या तीन गोष्टी खरेदी विभागाने प्रश्नावली पाठवण्याआधी द्यायला हव्यात.