रोमच्या वेशीबाहेर शत्रूची जमीन

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मला रोममध्ये तीन दिवस मिळाले आणि त्यांतला एक सबंध दिवस मी, कोलोसियमची रांग सोडून, आज अस्तित्वातच नसलेल्या एका खांबासाठी खर्च केला. त्या खांबापाशी उभे राहून प्राचीन रोमन पुरोहित भाला फेकत आणि तो जमिनीत रुतला की युद्ध विधिवत जाहीर झाले असे मानले जाई. भाला जिथे पडे ती जमीन शत्रूची होती. ती रोमच्या वेशीबाहेर, अगदी हाकेच्या अंतरावर कशी आली, हेच मला जागेवर जाऊन समजून घ्यायचे होते.

सुरुवात कॅपिटोल टेकडीच्या उत्तरेकडील शिखरावरून केली. सांता मारिया इन आराचेली या चर्चच्या शे-सव्वाशे पायऱ्या चढताना दम लागतो. प्राचीन काळी याच उंचवट्यावर रोमचा गढीवजा भाग होता आणि परराज्यांशी तह करणे व युद्ध पुकारणे ही धर्मकार्ये सांभाळणारे वीस पुरोहितांचे मंडळ, ज्यांना फेतियालेस म्हणत, येथूनच गवताचा झुपका मुळांच्या मातीसकट उपटून सोबत नेत असे. आपल्याकडच्या दूर्वांच्या जुडीची आठवण व्हावी असा हा प्रकार, पण त्यामागचा विचार निराळा होता. ती माती म्हणजे रोमची भूमी, आणि ती हाती असेपर्यंत परमुलखातही पुरोहिताच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही.

लिव्ही या इतिहासकाराने या विधीचे जे वर्णन दिले आहे, ते मी जाण्यापूर्वी पुन्हा वाचून ठेवले होते. तो हा विधी अँकस मार्शियस या राजाच्या काळात नेऊन ठेवतो आणि रोमनांनी तो शेजारच्या एका जमातीकडून उचलला असे सांगतो. डोक्याला लोकरीची पट्टी गुंडाळलेला पुरोहित शत्रूच्या सीमेवर जाऊन ज्युपिटरला, स्वतः त्या सीमेला आणि दैवी न्यायाला ऐकण्याचे आवाहन करी, नंतर काय परत हवे आहे किंवा कोणाला हवाली करायचे आहे ते सांगे, आणि आपली मागणी अन्यायाची असेल तर आपल्याला मायभूमीचे तोंड पुन्हा दिसू नये असा शाप स्वतःवरच ओढवून घेई. हीच वाक्ये, थोड्याफार फरकाने, तो सीमा ओलांडताना, वाटेत भेटणाऱ्या पहिल्या माणसाला, नगराच्या दारात आणि शेवटी तिथल्या भर चौकात पुन्हा म्हणे. तो पहिला माणूस एखादा गुराखी असला तर त्याने या साऱ्याचे काय केले असेल, हा प्रश्न लिव्हीला पडलेला दिसत नाही. मला मात्र पायऱ्या उतरताना तोच पडला होता.

त्यानंतर तेहतीस दिवस थांबायचे. एवढ्यात मागणी पुरी झाली नाही, तर हे लोक अन्यायी आहेत याला देवांना साक्षी ठेवून पुरोहित रोमला परते, सभेत एकेकाचे मत विचारले जाई, आणि बहुमत युद्धाच्या बाजूने पडले की लोखंडी पात्याचा किंवा टोक जाळून टणक केलेला, रक्ताळलेला भाला घेऊन तो पुन्हा सीमेवर जाई व किमान तीन प्रौढ पुरुषांच्या देखत तो पलीकडे फेकी. माझ्या दृष्टीने या साऱ्याचा कणा म्हणजे ते तेहतीस दिवस आणि तो स्वतःवरचा शाप. भाला हा केवळ शेवट.

टेकडी उतरून दहा मिनिटांत मार्सेलसच्या नाट्यगृहापाशी पोचलो. त्याला लागूनच अपोलोच्या मंदिराचे पुन्हा उभारलेले तीन खांब आहेत. प्रवासी त्यांचे छायाचित्र घेतात आणि पुढे ज्यू वस्तीतल्या खाणावळींकडे वळतात. त्या खांबांच्या पूर्वेला जे ओबडधोबड जोते उरले आहे, ते बेलोना या युद्धदेवतेच्या मंदिराचे. इ.स.पू. 296 मध्ये अ‍ॅपियस क्लॉडियस सीकस याने, जो पुढे आंधळा म्हणून प्रसिद्ध झाला, या देवळाचा नवस बोलला होता. नगराच्या पवित्र हद्दीबाहेर असल्यामुळे परकीय वकिलांना आणि विजयी सेनापतींना सिनेट येथे भेटत असे. माझा खांब या देवळासमोर होता. त्याची आज काहीच खूण दिसत नाही.

गोष्ट अशी सांगतात, की इ.स.पू. 280 च्या सुमारास रोमचे युद्ध पिऱ्हस या समुद्रापलीकडच्या राजाशी जुंपले, तेव्हा भाला फेकायला सीमाच उरली नाही. मग पिऱ्हसच्या एका पकडलेल्या सैनिकाला या परिसरात जमिनीचा तुकडा विकत घ्यायला लावले, तो तुकडा शत्रूचा मुलूख ठरला, आणि पुरोहिताने तिकडे भाला फेकला. आमच्या गावात दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून वेशीबाहेर जाऊन आपट्याची पाने घेऊन परत येतात. तिथे पलीकडे शत्रू नसतो आणि असल्याचा आवही कोणी आणत नाही. रोमनांनी मात्र शत्रूची जमीन खरेदीखताने उभी केली. कायदेपंडितांच्या या जातीला हे शोभणारेच आहे.

सवलती एकदा सुरू झाल्या की वाढत जातात. इ.स.पू. 200 मध्ये मॅसिडोनियाच्या पाचव्या फिलिपशी युद्ध ठरले, तेव्हा घोषणा राजाला समक्ष कळवायला हवी की त्याच्या हद्दीतल्या जवळच्या ठाण्यावर कळवली तरी चालेल, असे कॉन्सल या रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने या पुरोहितांना विचारले. त्यांनी दोन्ही चालेल असे उत्तर दिले. या उत्तराचा मला राग येत नाही, पण ज्या मंडळाचे काम अडवण्याचे होते ते सोय करून देऊ लागले होते, हे त्यातून दिसते.

आणि मग इ.स.पू. 32. रोमच्या सत्तेसाठी झगडणाऱ्या ऑक्टेव्हियनचा खरा प्रतिस्पर्धी अँटनी हा रोमन होता आणि त्याचे मित्र शहरात पुष्कळ होते. म्हणून ऑक्टेव्हियन स्वतः फेतियालिस, म्हणजे त्या मंडळातला एक पुरोहित, म्हणून याच बेलोनेच्या देवळापाशी आला आणि त्याने युद्ध पुकारले ते अँटनीची साथीदार असलेल्या इजिप्तच्या राणी क्लिओपात्रा हिच्या एकटीविरुद्ध. परकीय राणीशी युद्ध म्हटले की यादवीचा दोष आपोआप टळतो. भालाफेकीचा हा देखावा त्यानेच जुना म्हणून नव्याने रचला असावा, पिऱ्हसची गोष्टही त्याच्या सोयीसाठी पुढे आली असावी, अशी शंका काही अभ्यासक घेतात. त्या जोत्यासमोर उभे असताना मला ती शंका पटण्यासारखी वाटली.

दुपारी फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, जेनस या दारांच्या देवाच्या देवळाची जागा पाहण्याचा विचार होता. युद्ध चालू असताना त्याची दारे उघडी असत. पण त्याचेही अवशेष नाहीत, आणि एका दिवसात दोन अदृश्य वास्तू पाहणे मला जड वाटले. त्याऐवजी टायबरच्या काठाने चालत ऑगस्टसच्या शांतिवेदीच्या संग्रहालयापाशी गेलो. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर ऑगस्टसने, म्हणजेच पूर्वीच्या ऑक्टेव्हियनने, स्वतःच्या कर्तृत्वाचा मांडलेला आढावा मूळ लॅटिनमध्ये वाचायला मिळतो. आपल्या कारकिर्दीत जेनसची दारे तीनदा बंद करण्याचे ठरले, असे तो अभिमानाने सांगतो. क्लिओपात्राचे नाव त्यात कोठेही नाही, अँटनीचेही नाही. आपण भूषवलेली सात पुरोहितपदे मात्र त्याने ओळीने मांडली आहेत, आणि बोट फिरवत मी शेवटपर्यंत गेलो तेव्हा त्यातले अगदी शेवटचे पद सापडले: फेतियालिस.