गुणाचं लेकरू

आमच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, बोंबलणाऱ्या बाळाची आम्हाला फारशी काळजी नसते. आवाज न करणाऱ्याकडे आधी धावतो.

मागे एका रात्री बाहेरून एक बाळ आलं. सात दिवसांचं, वजन १.९ किलो. रेफर चिठ्ठीवर ‘दूध कमी पिते’, बस्स. आजी कौतुकाने सांगत होती, “लय गुणाचं लेकरू हाय सिस्टर, रडायचं नाव न्हाई.”

तळव्याला टिचकी मारली. धडधाकट बाळ एवढ्यावर लालबुंद होतं, हातपाय झाडतं, श्वास भरून पुन्हा सूर लावतं. याचं तोंड वाकडं झालं, हनुवटी थरथरली आणि मांजराच्या पिल्लाएवढा आवाज निघून मध्येच विरला. पावलं गार. काखेतलं तापमान ३४.८. टाचेच्या थेंबावर साखर २८, म्हणजे फारच खाली. वॉर्मरखाली घेतलं. असल्या थंड बाळाची शीर सापडत नाही. मनगटामागे एक केसाएवढी दिसली, ती पहिल्या फटक्यात मिळाली. ड्युटीवरचे डॉक्टरही ‘वा’ म्हणाले, जे ते सहसा म्हणत नाहीत. जंतू तपासायला कल्चरचं रक्त काढलं, दहा टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन, किलोला २ मिलीच्या हिशेबाने ३.८ मिली दिलं, पाठोपाठ अँटिबायोटिक.

मग दाराबाहेर गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्य कार्यकर्त्या, दिसल्या. सातव्या दिवसाच्या घरभेटीला त्या सकाळीच गेल्या होत्या. रडणं मंदावलंय, असं फॉर्मवर लिहून, आजीशी भांडून त्यांनी बाळ घराबाहेर काढलं होतं. पहिल्या दवाखान्यात वॉचमनने त्यांना फाटकावरच थोपवलं. आत बाळ ‘शांत’ आहे म्हणून दुपारभर बाकावर.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावच्या बायकांना नेमकं हेच शिकवलं: रडणं मंदावणं किंवा थांबणं हे जंतुसंसर्गाच्या लक्षणांतलं एक, दुसरं एखादं सोबत दिसलं की उपचार सुरू करायचे. त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आशांच्या घरभेटी त्यातूनच पुढे आल्या. आणि आमचे एमबीबीएस झालेले लोक तो फॉर्म मागूनही बघत नाहीत!

बाळ वाचलं, घरी गेलं. पण त्या दुपारी साखर किती वेळ खाली होती, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्याचा मार मेंदूला बसतो. म्हणून वाढीच्या तपासणीला बोलावलंय. आजी विचारते, “आता कशाला? चांगलं रडतंय की.”