अमळनेरला भेटलेली विक्रांत

विमानं, युद्धनौका, गाड्या, मोबाईल, मिक्सर, थोडक्यात जे काही चालतं आणि मधेच बंद पडतं त्यावर लिहून मी पोट भरतो. फ्रीलान्सिंग म्हणजे लेख मे महिन्यात छापून येतो आणि पैसे दिवाळीच्या आसपास, तेही चार मेल टाकल्यावर. तर यावेळी एका ठिकाणी पाचोरा-जामनेर नॅरोगेजवर, म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेवर, लेख ठरला, प्रवासखर्च अर्थातच आपला आपण, आणि मी म्हटलं खिशातलेच घालवायचेत तर नीट घालवू, थेट पाचोऱ्याला उतरण्यापेक्षा चाळीसगाव, धुळे, अमळनेर असा वळसा घेऊन जाऊ. मे महिन्यात खानदेशात? असं घरच्यांनी विचारलं. बरोबरच विचारलं होतं.

चाळीसगावला मुंबईची गाडी सोडली आणि धुळ्याची मेमू पकडली. ही लाईन १९०० सालची, मेन लाईनला फुटलेला एक फाटा जो धुळ्याला जाऊन संपतो. जामदा, शिरूड अशी स्टेशनं, डब्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी निघालेल्या लेकीबाळी, पिशव्यांमधून आंब्याचा वास, आणि खिडकीतून येणारा वारा असा की खिडकी लावली तरी उकडतं आणि उघडली तरी भाजतं. बाकी सांगण्यासारखं काही नाही, तासाभरात धुळे.

धुळ्यात मला बघायची होती गोंदूरची धावपट्टी. बऱ्याच लोकांना माहीत नसतं की बॉम्बे फ्लाइंग क्लबची पोरं इथे विमान शिकतात. क्लब १९२८ चा, मूळचा जुहूचा, जेआरडी टाटा तिथेच शिकले आणि १९२९ मध्ये भारतातलं पहिल्या नंबरचं पायलट लायसन्स त्यांना मिळालं. जुहूच्या आकाशात आता शिकाऊ विमानाला घिरट्या घालायला जागा कुठे राहिलीये, म्हणून धुळे. आत जायला परवानगी नव्हती, गेटवरच्या दादांनी हसत हसत पण पक्कं नाही सांगितलं, मग मी जवळच्या टपरीवर चहा घेऊन बसलो आणि वर बघत राहिलो. सकाळी सहा-सव्वासहाची वेळ. वर पंख असलेलं छोटं सेसना उडतं, डावीकडे वळतं, शेतांवरून चौकोनी फेरी मारतं, खाली येऊन चाकं टेकवतं आणि न थांबता परत उडतं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. टपरीवाल्या अप्पांना त्याचं काडीचं कौतुक नाही. आवाज बदलला की मात्र मान वर होते, म्हणजे इंजिनाचा कान त्यांना माझ्यापेक्षा चांगला आहे.

तिथेच एक शिकाऊ पोरगा भेटला, दक्षिणेतला, मोडकं हिंदी बोलणारा. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास भरावे लागतात, त्यातले निम्मे झालेत म्हणाला. मी विचारलं दुपारी का नाही उडत, तर म्हणाला दुपारी विमान उठायलाच कंटाळतं. खरंय ते. हवा तापली की विरळ होते, पंखाला उचलायला कमी हवा मिळते, पुढच्या पंख्यालाही (प्रोपेलर) ओढायला कमी, आणि इंजिनच्या पोटातही कमी जाते, म्हणजे तिन्हीकडून मार. धुळे समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, पण पारा त्रेचाळीसला टेकला की विमानाच्या हिशोबाने ते तेराशे मीटरवर जाऊन बसतं. मी मोबाईलवर गणित करून अप्पांना सांगितलं की तुमच्या धुळ्यात दुपारी विमानाला महाबळेश्वरला असल्यासारखं वाटतं. अप्पा म्हणाले, "मंग आमले काब्रं वाटत नही?" म्हणजे मग आम्हाला का वाटत नाही? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी दुसरा चहा सांगितला.

आणखी एक गोष्ट जी मला या छोट्या विमानांची फार आवडते ती म्हणजे इंजिन. चार सिलेंडर, समोरासमोर आडवे झोपलेले, पाण्याचा रेडिएटर नाही, वाऱ्यावर थंड होणारं, म्हणजे आपल्या फटफटीचंच खानदान. फरक इतकाच की प्रत्येक सिलेंडरला दोन-दोन स्पार्क प्लग आणि ठिणगी पाडणारे मॅग्नेटोही दोन, एक मेला तर दुसरा. बॅटरी पूर्ण गेली तरी इंजिन चालूच राहतं. उडायच्या आधी पायलट दोन्ही मॅग्नेटो एकेक करून बंद करून बघतो, तेव्हा आवाज किंचित पडतो आणि परत चढतो. आवाज बदलल्यावर अप्पांची मान वर व्हायची ती याचसाठी.

दुपारी शेवभाजी खाल्ली, घाम फुटला, लालपरीने अमळनेर गाठलं. आखाजीचा दिवस. लिंबांना झोके बांधलेले, बायका-पोरी गाणी म्हणत झोके घेतायत, कुठे ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगलाय (आखाजीला पत्ते चालतात, कोणी काही बोलत नाही), आणि ज्यांच्याकडे मी उतरलो होतो त्या मावशींनी खापरावरच्या पुरणपोळ्या केलेल्या. हातावर मांडा वाढवत नेतात आणि उलट्या खापरावर अलगद टाकतात ते बघताना मी कॅमेरा काढलाच नाही, बघतच बसलो. सोबत आमरस. मशीनवर लिहिणाऱ्या माणसाने कबूल करायला हरकत नाही की याचं मशीन अजून कोणाला जमलेलं नाही आणि जमू नये.

संध्याकाळी पेट्रोल पंपाजवळ उभा होतो तर शेजारी एक मोटारसायकल येऊन थांबली. मागे गुरांच्या ढेपेची दोन पोती आडवी बांधलेली, हँडलला पाण्याचा कॅन, टाकीवर कानबाई या खानदेशी देवीचं स्टिकर, टाकीच्या झाकणाभोवती गंजाची बारीक तपकिरी कड. बजाज व्ही. माझी नजर टाकीवरून हटेना, कारण त्या टाकीत नुसतं पेट्रोल नाही, तिच्या पत्र्यात आयएनएस विक्रांत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विक्रांत ही भारताची पहिली विमानवाहू नौका. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात हर्क्युलस नावाने बांधायला घेतली, १९४५ ला पाण्यात उतरली, पण तोवर युद्ध संपलं आणि काम अर्धवट थांबलं. १९५७ मध्ये भारताने ती अर्धवटच विकत घेतली, बेलफास्टला पूर्ण करून घेतली, ४ मार्च १९६१ ला ती नौदलात आली. १९७१ च्या लढाईत तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले, त्यामुळे पूर्ण वेग मिळत नव्हता. आणि नौकेवरून विमान उडवायचं तर वेग लागतोच, नौका वाऱ्याच्या दिशेला तोंड करून जितकी जोरात पळेल तितका डेकवर वारा मिळतो आणि तितकं विमान लवकर उचलतं. म्हणजे सकाळी गोंदूरला जो प्रश्न होता तोच, पंखाखाली पुरेशी हवा मिळते की नाही. तीन बॉयलरवर तिला बंगालच्या उपसागरात नेलं, आणि ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला. १९९७ ला ती निवृत्त झाली, मग काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, कॉलेजात असताना मी तिच्या डेकवर फिरलोय. २०१४ ला भंगारात विकली गेली. त्यातलं लोखंड बजाजने घेतलं, वितळवलं, आणि २०१६ मध्ये आलेल्या या गाडीच्या पेट्रोल टाकीत वापरलं.

विक्रांत मोडली तेव्हा मी चिडून लिहिलेलं, आजही माझं मत तेच आहे, असं जहाज ठेवायलाच हवं होतं. त्या गाडीवाल्या भाऊंना विचारलं, ही विक्रांतची टाकी आहे ना? "हाओ, शोरूमवालानी सांगं व्हतं." मग मला १९७१ पासून सगळं सांगायची खुमखुमी आली आणि मी सांगितलंही, बिचाऱ्यांनी पेट्रोल भरून झाल्यावरही ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "लोखंड कोठलं बी राहो भाऊ, गाडी चालनी पाहिजे." आणि किक मारून ढेपेसकट निघून गेले. दिल्लीच्या एखाद्या क्लबमध्ये तीच गाडी चकाचक पॉलिश करून ठेवलेली बघण्यापेक्षा मला ही जास्त आवडली, हे मात्र सांगतो.

अमळनेरला विप्रोचा कारखानाही बाहेरून बघितला. १९४५ च्या डिसेंबरात वनस्पती तूप बनवायला इथे सुरू झालेली कंपनी, कॉम्प्युटर वगैरे नंतरची गोष्ट. गावातल्या कितीतरी घरांमध्ये जुने शेअर्स आहेत आणि कोणी कधी विकले, कोणी ठेवले याच्या कहाण्या इथे ओट्याओट्यावर ऐकायला मिळतात. विकणाऱ्यांच्या कहाण्या जास्त रंगतात.

पारोळा-भडगाव करत पाचोऱ्याला पोचलो, म्हणजे ज्यासाठी निघालो होतो तिथे सगळ्यात शेवटी. इथे पाचोरा-जामनेर गाडीला सगळे पीजेच म्हणतात. रुळांमधलं अंतर ७६२ मिलीमीटर, शेजारच्या ब्रॉडगेजचं १६७६, म्हणजे निम्म्याहून कमी. रूळ अरुंद ठेवले की वळणं घट्ट घेता येतात, पूल लहान लागतात, जमीन कमी लागते, एकूण स्वस्तात काम होतं, आणि ब्रिटिशांना जामनेर भागातला कापूस मेन लाईनपर्यंत आणायला तेवढं पुरेसं होतं. १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाली, ५६ किलोमीटर, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत जायला दोन तासांवर वेळ. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती परत धावलीच नाही, आता ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत न्यायचं ठरलंय.

स्टेशनजवळ एक नाना भेटले, शेंदुर्णीचे, वर्षानुवर्षं पीजेने ये-जा केलेले. मला वाटलं आता आठवणींचा पूर येणार. नाना म्हणाले, गाडी स्वस्त होती, बस महाग पडते, एवढंच. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले की पावसाळ्यात चढावर चाकं घसरायची, तेव्हा रुळावर वाळू टाकायचे. हे मला हवं होतं. इंजिनमध्ये वाळूची पेटी असते, चाकापुढे नळीतून वाळू सोडतात म्हणजे पकड मिळते, मोठ्या इंजिनांनाही असते. नानांना ते कोणी शिकवलं नव्हतं, खिडकीतून दिसायचं. लेखाची सुरुवात मी तिथेच वहीत उतरवून घेतली.

पुढे जळगाव, भुसावळ झालं, पण भुसावळच्या यार्डावर वेगळं लिहावं लागेल, ते इथे दोन ओळीत मावणार नाही. कोणाला जायचं असेल तर मे टाळा, डिसेंबरात जा, तेव्हा भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते. गोंदूरला जायचं तर सकाळी सातच्या आत पोचा, आणि गेटवरच्यांशी हुज्जत घालू नका. शेवभाजी मागवताना तिखट कमी सांगितलं तरी ते आपल्या हिशोबानेच कमी करतात, ताक आधी मागवून ठेवा.