जोड

आज सिस्टरने माझ्या दुधात पावडर मिसळली. तीन मिली दूध, रात्री दोनला टाके सांभाळत उठून काढलेलं. पुडी फोडली, सिरिंजमध्ये ओढलं, नळीतून सोडलं. "चांगले जंतू असतात, दुधाला जोड म्हणून," असं ती सहज म्हणाली. जोड. सकाळपासून तोच शब्द टोचतोय.

29 आठवड्यांतच आला माझा मुलगा. पोटात ठेवता आला नाही, काचेच्या पेटीतून उचलून घेता येत नाही. दूध तेवढं माझ्या हातात होतं, त्यालाही जोड लागावी?

या पावडरीच्या संमतीवर सही कालच केलीय, म्हणजे तक्रारीला जागा नाही. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. एनईसी म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळांना होणारा आजार, त्यात आतडं सुजतं, सडतंसुद्धा. तो धोका यानं कमी होऊ शकतो. पण हेच जंतू क्वचित रक्तात शिरतात. 2023 मध्ये अमेरिकेत असंच एक बाळ दगावलं, तेव्हा तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाने, डॉक्टरांना सावध केलं. जागतिक आरोग्य संघटना मात्र 2022 पासून म्हणते की 32 आठवड्यांआधी जन्मलेल्या, मानवी दुधावरच्या बाळांना प्रोबायोटिक, म्हणजे असे चांगले जंतू, देण्याचा विचार करता येईल. विचार करता येईल! एवढ्यावर सही करायची. ह्यांनी विचारलं, तुला काय वाटतं? त्यावर मी जे बोलले ते राहू दे.

संध्याकाळी राउंडला डॉक्टर आल्या तेव्हा विचारूनच टाकलं, माझं दूध कमी पडतंय का? त्या हसल्या. म्हणाल्या, आईच्या दुधात एका खास प्रकारची साखर असते, पाणी सोडलं तर लॅक्टोज आणि फॅटनंतर सगळ्यात जास्त तीच. बाळाला ती पचतच नाही. ती असते बायफिडोबॅक्टेरियासाठी, म्हणजे पुडीतल्यासारख्या चांगल्या जंतूंसाठी. एरवी ते जंतू बाळाच्या पोटात आपसूक पोचतात. सिझर, अँटिबायोटिक आणि ही पेटी यांत आमच्याकडे यायचे राहिले.

म्हणजे नऊ दिवस मी रात्रंदिवस पंगत वाढतेय आणि पाहुण्यांचा पत्ताच नाही! आज आले, तेही पुडीत बसून. आणि मी त्यांच्यावरच दिवसभर फुगून बसले.

राग पुरता गेलेला नाही. जोड म्हणायला नको होतं तिनं, एवढंच.

दोनचा गजर झाला. पाच मिली आलंय. बाटलीवर वेळ लिहायचं पेन कुठे गेलं कोण जाणे.