आमची वाटचाल : करवंदं, जांभळं आणि रंगाची राखण

मे महिन्यात आंबा घाटाच्या रस्त्यावर द्रोणातून 'डोंगरची काळी मैना' विकणाऱ्या बाया आमच्या शाहूवाडी तालुक्यात सगळ्यांच्या ओळखीच्या. आमचा उद्योग त्यांच्या जिवावर उभा आहे. पिकलेलं करवंद दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही, जांभूळ तर त्याहून नाजूक. संध्याकाळी उरलेला माल या बाया मिळेल त्या भावाला देऊन टाकायच्या. करवंदात क जीवनसत्त्व, लोह आणि जॅम घट्ट करणारं पेक्टिन असतं. करवंद-जांभळाच्या सालीत अँथोसायनिन ही गडद रंगद्रव्यं असतात. शहरातली माणसं याच गुणांसाठी परदेशी ब्लूबेरीला मोठे पैसे मोजतात आणि इथं तीच दौलत मातीमोल जाते, हे आम्हा नवराबायकोला बघवेना.

सुरुवात पडवीत झाली, कच्च्या करवंदांच्या लोणच्यानं. फळं मिठाच्या पाण्यात ठेवून चीक काढायचा, ही सासूबाईंची रीत अजून तशीच चालू आहे. पुढे अन्नसुरक्षा नोंदणी केली. २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आली, तिच्यातल्या ३५ टक्के अनुदानावर पल्पर म्हणजे गर काढायचं यंत्र आणि बाटल्या भरायचं यंत्र घेतलं.

या धंद्यात सगळ्यात जास्त जपावा लागतो तो रंग. जांभळाचा जांभळा आणि करवंदाचा लालभडक रंग म्हणजेच ती अँथोसायनिन. रंग गेला की गुणही गेला. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात हा आंबट गर काळपट पडतो, म्हणून सगळी भांडी स्टीलची. आंब्याच्या, लिंबाच्या सरबताला टिकवण्यासाठी चालणारं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट इथं चालत नाही, ते रंगच उडवतं. आम्ही सोडियम बेंझोएट वापरतो, तेही नियमाच्या मर्यादेत. गर फार वेळ रटरटू द्यायचा नाही, कारण क जीवनसत्त्व आणि रंग दोन्ही उष्णतेनं कमी होतात. जांभळाच्या जॅममध्ये अर्धी पिकलेली करवंदं घालतो. त्यांच्यातल्या पेक्टिनमुळे जॅम लवकर धरतो, वरून पावडर टाकावी लागत नाही.

पालघरच्या बहाडोली जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते टपोरं आणि गरदार. आमचं रानजांभूळ बारीक, बी मोठी, गर थोडा. पण गराच्या मानानं साल जास्त, त्यामुळे रंग आणि तुरटपणा भरपूर. एका बाटलीला फळं जास्त लागतात, तरी आम्ही रानजांभूळच घेतो.

गिऱ्हाईक विचारतं, "ताई, हे सरबत शुगरवाल्याला चालेल ना?" आम्ही सरळ नाही म्हणतो. फळाचे गुण खरे असले तरी सरबतात साखर असते आणि जॅम तर ६५ ब्रिक्सला, म्हणजे शंभर ग्रॅममागे साधारण ६५ ग्रॅम साखरेला, उतरवावा लागतो. एका व्यापाऱ्यानं लेबलावर 'मधुमेहावर रामबाण' छापा, दुप्पट माल उचलतो, असा आग्रह धरला होता. आम्ही छापलं नाही. फळ म्हणजे सकस अन्न. ते औषधाच्या नावावर विकणं कायद्यालाही धरून नाही आणि आमच्या मनालाही पटत नाही.

साखर नको असणाऱ्यांसाठी आता बी काढून वाळवलेली करवंदं करतो. वाळवणात क जीवनसत्त्व घटतं, पण पाणी गेल्यामुळे मूठभर फळांत लोह आणि तंतू जास्त येतात. हरभऱ्याच्या उसळीत चार टाकली, तर चिंच-आमसुलाची गरज भासत नाही.

माल येतो धनगरवाड्यांवरून. पाटी उतरवली की वजन आणि लगेच रोख पैसे, उधारी नाही. करवंदाची जाळी (झुडपं) कापायची नाही, पाखरांसाठी वरची फळं ठेवायची, हे त्या बायांनीच आम्हाला सांगितलं. जांभळाची फांदी कडकन मोडते, म्हणून कुणालाही झाडावर चढू देत नाही. खाली जाळं धरून आकडीनं फळं हलवायची. पाऊस लागला की करवंदात पाणी भरतं, मग खरेदी बंद.

वाळवलेल्या करवंदांची मागणी वाढते आहे, म्हणून यंदा दुसरा सोलर ड्रायर बसवतोय. त्यात तोरणंही वाळवून बघायची आहेत. पांढरी, पिठूळ, गोड तोरणं आमच्या रानात एप्रिल-मेमध्ये पिकतात. पोरं खातात तेवढीच, बाकीची झाडाखाली पडतात.